विश्लेषण : तांब्याची तार ठेवायची की फायबर घ्यायचे? नांदेड-लातूरच्या घरात इंटरनेटचे पैसे वसूल कसे होतील?

नांदेड आणि लातूरमधील काही घरांत अजूनही जुन्या टेलिफोनच्या तारेवर चालणारे ब्रॉडबँड आहे. बिल वेळेवर येते, वेग मात्र येत नाही. दुसरीकडे फायबरची पत्रके दारात पडतात, ‘वर्षाचे एकदम भरा, एक महिना मोफत’ असा फोन येतो आणि त्याच वेळी घरातील चार मोबाइलचे रिचार्जही सुरूच राहतात. नीटची तयारी करणारे मूल, घरून काम करणारी सून आणि संध्याकाळी मालिका पाहणारे आजी-आजोबा एकाच लाइनवर असतील, तर पैसे नेमके कशावर खर्च करावेत? त्याचा हा हिशेब.

हा विषय आताच का महत्त्वाचा?

याला तीन कारणे आहेत. पहिले, जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांनी मोबाइलचे दर वाढवले. त्यामुळे ‘मोबाइल डेटा स्वस्त आहे, घरी वेगळी लाइन कशाला’ हे जुने गणित बदलले. दुसरे, दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे म्हणजे ट्रायचे सेवेच्या दर्जाबाबतचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. सेवा बंद राहिल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद त्यात आहे.

तिसरे कारण बाजाराचे आहे. घरच्या फोनची लाइन म्हणजे बीएसएनएल, हे समीकरण पिढ्यानपिढ्या पक्के होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रायच्या आकडेवारीत जिओने लँडलाइन ग्राहकसंख्येत बीएसएनएलला प्रथमच मागे टाकले. तेव्हा जिओकडे सुमारे ७३.५ लाख आणि बीएसएनएलकडे सुमारे ७१.३ लाख ग्राहक होते. थोडक्यात, ग्राहक तांब्याच्या तारेवरून फायबरकडे निघाला आहे. जो अजून निघाला नाही, त्याने थांबण्याचे कारण एकदा तपासायला हवे.

तांब्याच्या तारेवर वेग का मिळत नाही?

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ या नावाने टेलिफोनच्या तारेवर ब्रॉडबँड सुरू केले. हे तंत्रज्ञान म्हणजे डीएसएल. एकाच तारेवर आवाज खालच्या आणि डेटा वरच्या वारंवारितेवर जातो, म्हणून फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालतात. त्या काळी २५६ केबीपीएस वेगालाही ‘ब्रॉडबँड’ म्हणत. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली.

डीएसएलची अडचण अंतराची आहे. एडीएसएल२+ या प्रकारात कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत वेग मिळू शकतो, पण तो एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या घराला. तार जशी लांबते तसा सिग्नल क्षीण होतो. तार चांगली असेल तर तीन किलोमीटरवर साधारण ८ एमबीपीएस आणि पाच किलोमीटरवर जेमतेम २ ते ३ एमबीपीएस उरतात. हे अंतर सरळ रेषेतले नसून तार ज्या वाटेने फिरत येते तिचे असते. म्हणजे एक्स्चेंजपासून हाकेच्या अंतरावरचे घरही तारेच्या हिशेबाने दूर असू शकते.

त्यात अपलोडची बाजू आणखी कमकुवत असते. एडीएसएलवर अपलोड साधारण १ एमबीपीएसच्या आसपास थांबतो. व्हिडिओ पाहायला तेवढा चालतो, पण चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला एका बाजूनेच १ एमबीपीएसहून अधिक वेग लागतो. ऑनलाइन शिकवणीत समोरच्याचे चित्र स्वच्छ दिसते आणि आपले अडकते, त्याचे कारण हेच.

शिवाय तार जमिनीखालून जाते. रस्त्याचे, नळयोजनेचे, गटाराचे खोदकाम झाले की केबल दुखावते आणि पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरते. दुरुस्तीला माणूसबळही कमी झाले आहे. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेनंतर बीएसएनएलचे देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी निवृत्त झाले.

आपली तार चांगली की वाईट, हे कसे ओळखायचे?

लाइन बंद करण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा. दोष अनेकदा घरातच असतो.

• फोन उचलून ऐकावा. डायल टोनमागे खरखर किंवा गुणगुण असेल, तर सांध्यात ओल आहे. अशा वेळी ‘नेट हळू आहे’ ऐवजी ‘फोनमध्ये आवाज येतो’ अशी तक्रार नोंदवावी. ती लाइनमनला थेट तपासता येते.

• स्प्लिटर पाहावा. तार घरात येते तिथे फोन आणि मोडेम वेगळे करणारी छोटी डबी असते. ती नसेल, किंवा तिच्या आधीच वरच्या मजल्यासाठी समांतर जोडणी काढली असेल, तर वेग पडतो आणि फोन वाजला की नेट तुटते.

• मोडेमचे पान उघडावे. ब्राउझरमध्ये बहुतेक मोडेमसाठी १९२.१६८.१.१ टाकले की ‘डीएसएल स्टेटस’ दिसते. त्यातील ‘अटेन्युएशन’ ३० डेसिबलच्या आत असेल तर तार उत्तम, ४० ते ५० मध्ये मध्यम, ६० च्या वर असेल तर प्लॅन बदलून काही उपयोग नाही. ‘एसएनआर मार्जिन’ ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन वारंवार तुटते.

• वेग वायफायवर मोजू नये. लॅपटॉपला मोडेमपासून थेट केबल जोडून सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास मोजावे. मोडेम दाखवतो त्या वेगापेक्षा प्रत्यक्षात दहा ते पंधरा टक्के कमी मिळणे स्वाभाविक आहे. त्याहून मोठी तूट असेल तर तक्रारीला आधार मिळतो.

मोडेम ४ एमबीपीएसवरच जुळत असताना ८ किंवा १० एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरणे हा सरळ तोटा आहे. अशा ग्राहकाने एक तर खालचा प्लॅन घ्यावा किंवा तार सोडावी.

फायबरमध्ये वेगळे काय?

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. त्याला ओल लागत नाही आणि घराघरांतल्या अंतराने फारसा फरक पडत नाही. सध्या घरोघरी येणाऱ्या जीपॉन पद्धतीत वीस किलोमीटरपर्यंत सेवा देता येते. मात्र एक तंतू साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि त्यावर एकूण सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड व १.२५ जीबीपीएस अपलोड असतो. म्हणून फायबरवरही रात्री गर्दीच्या वेळी वेग थोडा उतरू शकतो. बऱ्याचदा खरी कोंडी पुढे, कंपनीच्या शहराबाहेर जाणाऱ्या जोडणीवर होते. रात्री नऊला मोजायचे ते त्यासाठी.

बीएसएनएलनेही तांब्यावरचे ग्राहक फायबरवर नेण्याचे धोरण धरले आहे. घरापर्यंतची तार अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालक भागीदार टाकतात आणि महसुलात त्यांचा वाटा असतो. जुना लँडलाइन क्रमांक बहुतेक वेळा फायबरवर कायम ठेवता येतो. दुकान, दवाखाना किंवा वकिलाच्या कार्यालयासाठी ०२४६२ किंवा ०२३८२ चा वर्षानुवर्षांचा क्रमांक महत्त्वाचा असेल, तर हा मुद्दा आधी विचारावा. मोबाइलसारखी क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय लँडलाइनला नाही. कंपनी बदलली की क्रमांक गेला.

फायबर न पोहोचलेल्या नव्या लेआउटमध्ये ५जी सिग्नलवर चालणारे ‘एअरफायबर’ हा पर्याय आहे. जिओने तो सप्टेंबर २०२३ मध्ये आणला. त्याच्या सुरुवातीच्या प्लॅनमध्ये महिन्याला १ टीबीची मर्यादा होती. फायबरच्या नेहमीच्या ३,३०० जीबीपेक्षा ती बरीच कमी आहे.

जाहिरातीतली किंमत आणि खरा खर्च यात किती फरक?

जिओने सप्टेंबर २०२० मध्ये ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा प्लॅन आणला आणि तेव्हापासून ४०० ते ५०० रुपये हा बाजाराचा पायाच झाला. पण जाहिरातीतील आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. ३९९ चे प्रत्यक्षात सुमारे ४७१ आणि ४९९ चे सुमारे ५८९ रुपये होतात. वर्षाला ३९९ च्या प्लॅनचा खर्च सुमारे ५,६५० रुपये येतो. त्यात जोडणीचे शुल्क, राउटरचे भाडे किंवा अनामत आणि घरापर्यंतच्या जादा केबलचे पैसे मिळवावेत.

‘बारा महिने भरा, तेरावा मोफत’ ही योजना घेतली तर महिन्याचा खर्च ४७१ वरून सुमारे ४३५ रुपयांवर येतो. म्हणजे बचत महिन्याला ३६ रुपयांची. सेवा चांगली असेल तर हरकत नाही. पण चौथ्या महिन्यात सेवा ढासळली तर उरलेल्या काळाचे पैसे अडकतात. म्हणून नव्या जोडणीला आधी एक-दोन महिने, शक्यतो पावसाचे, पाहून मगच वर्षाचे भरणे शहाणपणाचे.

स्थानिक केबलचालकाकडून जोडणी घेताना आणखी एक काळजी घ्यावी. इंटरनेट सेवेचा परवाना दूरसंचार विभाग देतो. तो देशभरासाठी, एका दूरसंचार परिमंडळासाठी किंवा जिल्ह्याच्या आसपासच्या छोट्या क्षेत्रासाठी असतो. आपल्या पावतीवर परवानाधारक कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक आणि जीएसटी क्रमांक आहे का, हे पाहावे. केवळ कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवून पावती घेतली नाही, तर पुढे तक्रार करताना आपण ग्राहक असल्याचाच पुरावा राहत नाही.

घराला किती वेग पुरतो?

मोठा आकडा म्हणजे चांगला प्लॅन, हा समज महागात पडतो. एचडी दर्जाच्या व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. चौघांनी एकाच वेळी वेगवेगळे व्हिडिओ पाहिले तरी २० एमबीपीएस होतात. त्यामुळे चार-पाच जणांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएस पुरतात. १ जीबीची फाइल ३० एमबीपीएसवर साडेचार मिनिटांत, ८ एमबीपीएसवर सुमारे १७ मिनिटांत आणि २ एमबीपीएसवर तासाभराहून अधिक वेळात उतरते. म्हणजे २ वरून ३० वर जाण्यात जो फरक जाणवतो, तो ५० वरून १०० वर जाण्यात जाणवत नाही.

डेटाचेही तसेच. ३,३०० जीबी म्हणजे रोज ११० जीबी. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबी खातो असे धरले, तरी रोज ३६ तासांचे पाहणे होईल. सामान्य घर या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. मात्र जुन्या डीएसएल प्लॅनमध्ये मर्यादा कमी असते आणि ती संपली की वेग एकदम खाली येतो. मर्यादा संपल्यानंतरचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असे ट्रायने २०१६ मध्ये बजावले होते. पण आज त्या वेगात परीक्षेचा अर्जही सुखाने भरता येत नाही. म्हणून ‘मर्यादेनंतरचा वेग किती’ हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

लातूरमध्ये शिकवणीच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि खोल्या आहेत, तिथे हिशेब वेगळा. दहा मुलांत ३० एमबीपीएसची एक लाइन असेल आणि सहा जणांनी रात्री एकदम एचडीमध्ये तास पाहिला, तर ती तिथेच भरते. त्यांनीच व्हिडिओचा दर्जा ७२० वर ठेवला तर निम्म्या वेगात काम भागते. खोली घेताना ‘वायफाय आहे’ एवढ्यावर समाधान न मानता किती जणांत किती वेग, हे पालकांनी विचारायला हवे.

वेग राउटरपाशी मिळतो आणि आतल्या खोलीत मिळत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा कंपनीची नसते. २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय भिंतीपलीकडे जातो पण हळू असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो पण स्लॅब आणि जाड भिंतीला अडतो. फक्त २.४ वर चालणाऱ्या स्वस्त राउटरवर १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तर वरचे पैसे वाया जातात. राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवला तर प्लॅन न बदलताही फरक दिसतो.

मोबाइलच्या रिचार्जचे काय?

खरी बचत इथे आहे. दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा, रोज २ जीबीचा पॅक ३४९ रुपयांचा झाला. घरात असे चार फोन असतील तर दर २८ दिवसांना १,३९६ रुपये आणि वर्षाच्या तेरा रिचार्जना १८ हजारांहून अधिक खर्च होतो. त्यावर घरची लाइनही घेतली आणि रिचार्ज तसेच ठेवले, तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे दिल्यासारखे होते.

घरच्या लाइनचे वर्षाचे ५,६५० रुपये या ५२ रिचार्जवर विभागले तर प्रत्येकी सुमारे १०९ रुपये येतात. म्हणजे वायफाय आल्यावर प्रत्येक फोनचा पॅक सरासरी १०९ रुपयांनी खाली आणता आला, तर घरची लाइन जणू फुकटात पडते. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅकही द्यावे लागले. दिवसभर घरीच असणाऱ्या ज्येष्ठांच्या फोनला असा पॅक आणि घरचे वायफाय पुरेसे ठरते. रोज कॉलेजला किंवा शेतावर जाणाऱ्याचा डेटा मात्र तोडू नये.

वीज गेली तर?

जुन्या लँडलाइनचा एक गुण विसरला जातो. त्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेवाटेच मिळते. घरची वीज गेली तरी फोन चालतो, फक्त मोडेम बंद पडतो. फायबरवर मात्र वीज गेली की इंटरनेट आणि फोन दोन्ही जातात. वीज वारंवार जाणाऱ्या भागात फायबर घेताना राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा किंवा राउटरचे सॉकेट इन्व्हर्टरवर घ्यावे. हा खर्च एकदाच होतो, पण ऑनलाइन सराव परीक्षा अर्ध्यावर तुटण्यापेक्षा तो परवडतो.

सेवा बंद राहिली तर ग्राहकाचा हक्क काय?

२०२४ च्या नियमांनुसार पैसे भरल्यापासून सात दिवसांत ९८ टक्के नव्या ब्रॉडबँड जोडण्या सुरू करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर पोस्टपेड आणि प्रीपेड अशा दोन्ही ग्राहकांना भरपाई द्यायची आहे. पण नोंदच नसेल तर भरपाई कशाची मागणार? लाइनमनला व्हॉट्सॲपवर सांगितले, ही तक्रार होत नाही. टप्पे असे :

• कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार करून डॉकेट क्रमांक घ्यावा. तारीख आणि वेगाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

• उत्तर पटले नाही किंवा मुदतीत आलेच नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे. त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो.

• त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे दाद मागता येते. वैयक्तिक तक्रारी ट्राय स्वतः सोडवत नाही.

• राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

मग निर्णय काय घ्यावा?

गल्लीत फायबर आलेले असेल, तर तांब्याच्या तारेवर तेवढेच किंवा जास्त पैसे भरत राहण्याला अर्थ उरत नाही. ३० ते ५० एमबीपीएसचा सर्वांत खालचा फायबर प्लॅन बहुतेक घरांना पुरतो. कंपनी निवडताना जाहिरात पाहू नये. त्याच खांबावरून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत : रात्री नऊला वेग किती मिळतो आणि मागच्या वेळी तार तुटली तेव्हा किती दिवसांत जोडली?

फायबर पोहोचलेलेच नसेल, किनवट-माहूरच्या बाजूला किंवा जळकोट-देवणीच्या वाड्यांवर ही वेळ अजून येऊ शकते, तर तांब्याची तार लगेच तोडू नये. स्प्लिटर आणि सांधे दुरुस्त करून घ्यावेत, मोडेम दाखवतो त्या वेगाला साजेसा खालचा प्लॅन ठेवावा आणि एअरफायबरचा सिग्नल घरात येतो का, हे आधी मोबाइलवर तपासावे. जुनी लाइन बंद करायची तर नवी पूर्ण महिनाभर चालल्यावरच लेखी अर्ज द्यावा, मोडेम परत केल्याची पोच घ्यावी आणि अनामत रक्कम मागून घ्यावी. अर्ज न देता नुसते बिल भरणे थांबवले, तर थकबाकी वाढत राहते आणि अनामत त्यातच जिरते.